विहिरीचं बटण

माझा आवाज मुदतीच्या तापात गेला. अगदीच गेला असं नाही. बोलता येत होतं, वर्गावर ओरडता तर फारच छान येत होतं. पण गाणं म्हणायला लागलं की तिसऱ्या शब्दाला दम संपायचा आणि स्वर इतका बारीक निघायचा की आपलाच आहे यावर विश्वास बसू नये. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी नेरला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. घरात मी आणि वडील, दोघंच. वडील कोर्टातले नाझर, नुकतेच निवृत्त झालेले. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली होती.

तापातून उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने जड काही उचलायचं नाही. म्हणजे पाणी भरणं बंद. शेजारी एक मावशी राहत, कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला जाणाऱ्या. मी अंथरुणाला खिळल्यापासून शाळेमागच्या विहिरीचं पाणी त्याच आमच्याकडे आणून टाकत, रोज संध्याकाळी जिन सुटल्यावर दोन घागरी. मागच्या दाराने यायच्या, रांजणात ओतायच्या आणि 'झाकून घेजा वो बाई' म्हणून निघून जायच्या. मी रांजण झाकून घ्यायची. याहून जास्त आमचं बोलणं होत नसे.

आवाज गेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. वर्गात कविता चालीवर म्हणायची वेळ आली की मुलींना म्हणायचे, आज अर्थ बघू. मुली बिचाऱ्या तीन महिने नुसता अर्थ बघत होत्या. पण पौषात शाळेचं संमेलन आलं आणि माझं पितळ उघडं पडायची वेळ आली. संमेलनात मुलींचं एक छोटं नाटुकलं होतं. हरवलेलं वासरू शोधत मुली रानात जातात, संध्याकाळ होते, वाट सापडत नाही, आणि मग डोंगर गाऊन त्यांना वाट दाखवतो. डोंगराचं गाणं चार कडव्यांचं, मीच रचलेलं, तापाच्या आधी, माझ्याच गळ्यासाठी. पडद्याआडून मीच म्हणायचं असं ठरलेलं.

पहिल्या तालमीत मी दोन ओळी म्हटल्या आणि आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, चष्मा काढून पुसला. त्यांनी चष्मा पुसला की समजायचं, काहीतरी वाईट सांगणार आहेत.

"तू पेटी वाजव," त्या म्हणाल्या. "गाणं सातवीतल्या चौघी मिळून म्हणतील. आणि शेवटचं आभारप्रदर्शन तू कर. ते तुला छान जमतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. गाणं गेलं याचं दुःख होतंच, पण आपण यापुढे आभारप्रदर्शनाच्याच कामाच्या, हे त्याहून झोंबलं. एकदा मुलींनी डोंगराचं गाणं म्हटलं की पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, कुणी मला गा म्हणणार नाही, आणि मीही धजणार नाही, हे मला तिथेच कळलं. मी पेटीचा भाता ओढत बसले.

हे सगळं एक माणूस ऐकत होता. संमेलनासाठी लाऊडस्पीकर लावायला तो आला होता आणि निंबाच्या झाडावर भोंगा बांधत होता. गाव त्याला भोंगेवाला म्हणायचं. जवळच्याच तांड्यावरचा, गोरमाटी, म्हणजे बंजारा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. याने शेती करता करता एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि मोटारीची एक बॅटरी जमवून लग्नं आणि सभा धरल्या होत्या. ॲम्प्लिफायर म्हणजे एक लोखंडी पेटी, आत लाल होणारे व्हॉल्व्ह आणि पुढे तीन बटणं: दोन माईकची, एक ग्रामोफोनच्या तबकडीचं. बटण फिरवलं की त्या त्या वाटेचा आवाज कमी-जास्त.

तो झाडावरून उतरला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमचा आवाज गेला नाई. त्याले मागून टेकू नाई, इतकंच."

"मग टेकू काय तुम्ही देणार?" मी तडकून म्हटलं. माझा स्वभाव तसा आहे, अजूनही.

"मी नाई. थे विहीर देईन."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण तो मला शाळेमागच्या विहिरीवर घेऊन गेला. चांगली दगडाने बांधलेली, खोल विहीर. काठावर वाकून त्याने आत हाक मारली, "याडीऽ!" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. विहिरीतून ती हाक परत आली, भरलेली, गोल, दोन माणसांनी मारल्यासारखी.

"माहा आजा बैल घेऊन जाये तं अशीच हाक देये हरेक विहिरीले," तो म्हणाला. "वापस येईन तशी पाण्याची खोली कळे. आता तुम्ही म्हना काई."

मी इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि डोंगराच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. खालून जे वर आलं, ते ऐकून मी काठ घट्ट धरला. तो माझाच आवाज होता, पण तापाआधीचा.

त्याची युक्ती अशी. मी शाळेत पडद्यामागे बसून गायचं. तारेतून तो आवाज विहिरीत सोडायचा, एका टोपलीत बांधलेल्या छोट्या स्पीकरमधून. काठाखाली हातभर अंतरावर एक माईक टांगायचा. विहिरीत घुमलेला आवाज त्या माईकने उचलायचा, दुसऱ्या तारेने परत त्या लोखंडी पेटीत आणायचा आणि माझ्या कोरड्या आवाजात मिसळून भोंग्यातून बाहेर सोडायचा. पहिलं बटण माझं, दुसरं बटण विहिरीचं.

मोठ्या बाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "रविवारी ऐकवा," त्या म्हणाल्या. "शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर सातवीच्या मुली."

रविवारी सगळ्या तारा जोडल्या. नवीकोरी टोपली, नवा दोर, पाण्यापासून पुरुषभर उंच, कारण पाणी पिण्याचं होतं आणि त्यात काही बुडलं असतं तर गावाने आम्हालाच बुडवलं असतं. मी तोंड उघडलं, पहिला शब्द म्हटला आणि भोंगा असा किंचाळला की निंबावरचे कावळे उठले, मोठ्या बाईंनी कानात बोटं घातली आणि बाहेर बांधलेली कुणाची तरी गाय खुंट्यासकट पळाली. भोंगेवाल्याने झडप घालून पेटी बंद केली.

"एवढंच ना?" मोठ्या बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

मी तिथेच बाकावर बसून रडले. लाज सोडून रडले. तो मात्र पेटीपुढे उकिडवा बसून तारांवरून बोट फिरवत होता. बराच वेळ. मग आपल्याच कपाळावर हात मारून म्हणाला, "मीच बैताड! विहिरीचा आवाज पेटीत आला, अन् पेटीनं थोच पुन्हा विहिरीत देल्ला. विहीर सोताचंच आयकून राह्यली, सोताचंच बोलून राह्यली. ओरडन नाई तं काय? बाई, विहिरीशी बोलाले वेगळी मशीन पाह्यजे. जिले फक्त तुमचा आवाज माहीत, विहिरीचा नाई."

दुसरा ॲम्प्लिफायर त्याच्याकडे नव्हता. मग त्याने अवघडून विचारलं, "तुमच्या घरी रेडिओ हाय म्हनते?"

होता. आणि तेच तर अवघड होतं. तो रेडिओ म्हणजे वडिलांचा जीव की प्राण. त्यावर आईने विणलेला रुमाल घातलेला. तो विटेएवढ्या कोरड्या बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी उतरेल म्हणून वडील तो दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या बातम्यांना लावायचे. बातम्या संपल्या की खट्कन बंद. एकदा मी गाणं लागलं म्हणून दोन मिनिटं जास्त ठेवला, तर चार दिवस अबोला. त्या रेडिओच्या पाठीला तबकडीची पिन जोडायला दोन भोकं होती. त्यातून माझा आवाज आत घातला की रेडिओच दुसऱ्या ॲम्प्लिफायरचं काम करणार होता.

वडिलांना विचारणं माझ्या जिवावर आलं होतं. ते जेवत असताना, मान खाली घालून, मी एका दमात सगळं सांगितलं: विहीर, टोपली, किंचाळणं, दोन भोकं. त्यांनी ताक संपवलं, हात धुतला, आणि रेडिओसमोर जाऊन उभे राहिले.

"बातम्या काय, पेपरातही येतात," ते म्हणाले. "पण रेडिओ मी स्वतः आणीन आणि त्याच्याजवळ मीच बसेन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा महिने झाले. सकाळी घर फार गप्प असतं."

वडील असं काही बोलत नसत. मी भांडी उचलून मोरीत गेले आणि तीच भांडी दोनदा घासली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वडील छातीशी रेडिओ धरून, नाझरांच्याच चालीने, विहिरीवर आले. भोंगेवाल्याने दोन माईक एकमेकांना एका मुलीच्या लाल रिबिनीने बांधले. एक नेहमीचा, त्याची तार मोठ्या पेटीत. दुसरा जुन्या टेलिफोनचा, टॉर्चच्या दोन सेलवर चालणारा, त्याची तार खिडकीतून रेडिओला. रेडिओतून आवाज विहिरीत, विहिरीतून मोठ्या पेटीत, दुसऱ्या बटणावर. आता विहिरीला स्वतःचं ऐकू येत नव्हतं.

त्याने आधी विहीर बंद ठेवली. मी गायले, तोच बारीक, तुटका आवाज. मग त्याने दुसरं बटण हळूहळू उघडलं. कुणीतरी मागे येऊन माझ्या कोपराला आधार द्यावा तसं झालं. दम तेवढाच होता, पण जिथे माझा स्वर संपायचा तिथून विहीर तो पुढे न्यायची आणि मला श्वास घ्यायला सवड मिळायची.

"जास्त उघडा ना," मी अधाशासारखी म्हणाले.

"नाई बाई. विहीर मिठासारखी. जास्त झाली तं शब्द खारे होते, कोनाले गिळवत नाई."

मोठ्या बाई शेवटच्या रांगेच्या जागी उभ्या राहून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. "पेटी मी वाजवते," एवढंच म्हणाल्या.

संमेलनाच्या दिवशी कशाचीच कसर ठेवली नव्हती. विहिरीकडे गुरं येऊ नयेत म्हणून काट्या टाकल्या होत्या. दुपारी दवंडी पिटली: शाळेमागच्या विहिरीवर आज कुणी माणसानं जाऊ नये. वडील विहिरीवर रेडिओशेजारी खुर्ची टाकून बसले. माझ्या हातात आभारप्रदर्शनाचा कागद होता, कारण तेही माझ्याकडेच राहिलं होतं. त्यात तहसीलदारसाहेब, डॉक्टर, खुर्च्या देणारे शेटजी, भोंगेवाले भाऊ, वडील, सगळे होते. मी तो तीनदा तपासला होता.

कार्यक्रम लांबला. भाषणं कधी वेळेत संपली आहेत? नाटुकलं सुरू झालं तेव्हा उन्हं उतरली होती. मी गायला लागले. पहिलं कडवं निघालं. दुसरं निघालं. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं, माणसं हलत नव्हती. भोंगेवाला माझ्या शेजारी त्याच्या लोखंडी पेटीपुढे, दोन बोटं दोन बटणांवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये मोठ्या बाईंनी वाजवायचा पेटीचा एक तुकडा होता. तो चालू असताना भोंग्यातून, साऱ्या गावावर, बाईमाणसाचा घुमणारा आवाज आला:

"अव माय! विहिरीत कोन गाऊन राह्यलं वो?"

जिन सुटलं होतं. पाणी भरायची वेळ झाली होती. दवंडी पिटली तेव्हा या बाया जिनात होत्या. पाणी कोण भरतं आणि केव्हा भरतं, हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी तर सहा महिने त्याच पाण्यावर जगत होते.

वडील कुठे होते, हे नंतर कळलं. बाया पाण्यावर आल्या की पुरुषाने तिथून उठायचं, त्यांच्याकडे बघायचं नाही, बोलायचं तर नाहीच, ही त्यांची जन्माची रीत. त्या आलेल्या पाहताच ते अदबीने उठले, रेडिओसुद्धा तिथेच टाकला, आणि पलीकडे चिंचेखाली पाठ फिरवून उभे राहिले.

प्रेक्षकांत हसू फुटायला लागलं. भोंगेवाल्याचं बोट दुसऱ्या बटणावरच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बटण बंद केलं तर बायांचं बोलणं गावाला ऐकू जाणार नाही, पण उरलेली दोन कडवी माझ्या उघड्या, तुटक्या आवाजात. चालू ठेवलं तर काय काय ऐकू जाईल देव जाणे. मी काही ठरवायच्या आत दुसरा आवाज आला, आणि तो मी ओळखला. 'झाकून घेजा वो बाई' म्हणणारा.

"चूप बैस. भूत नोहे थे, आपली बाई हाय. तिचा आवाज मी नाई वळखन तं कोन? तापात माय माय करे, तवा उशाशी कोन होतं?"

मांडवातलं हसू थांबलं.

"दोर नको सोडू वो, गडगडा वाजन. होऊ दे तिचं गानं. पानी काई पळून नाई जात."

तापातले ते दिवस मला आठवत नव्हते. मला वाटायचं मावशी फक्त घागरी ओतून जात. उशाशी बसत होत्या, हे मला साऱ्या गावाबरोबर, त्याच क्षणी, भोंग्यातून कळलं.

मी भोंगेवाल्याला मानेनेच सांगितलं, राहू द्या. मोठ्या बाईंनी पेटीवर सूर धरून ठेवला, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एकदा, आणि मी तिसरं कडवं उचललं. विहिरीवर बांगडीसुद्धा वाजली नाही. दिवसभर सरकीच्या धुळीत राबलेल्या सात-आठ बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या, चौथं कडवं संपेपर्यंत. शेवटचा स्वर विहिरीत विरला. आणि मग भोंग्यातून, अख्ख्या नेरभर, बादली पाण्यात पडल्याचा आवाज आला: धप्प!

मांडव हसला, टाळ्या पडल्या, कितीतरी वेळ पडत राहिल्या. मी टाळ्यांसाठी थांबले नाही. आभाराचा कागद माईकपाशीच राहिला. मागच्या दाराने मी विहिरीकडे धावले.

मावशी दोर ओढत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अव, कायले आली अशी उघड्या डोक्यानं? थंडी बाधन ना!"

मी त्यांच्या हातातला दोर धरला. डॉक्टरांचे सहा महिने त्याच आठवड्यात संपले होते. दोघींनी मिळून बादली काठावर घेतली, आणि मी वाकलेलीच म्हणाले, "मावशी, तुम्ही पाणी आणलंत, तुम्ही उशाशी बसलात, म्हणून मी आहे. मी एकदाही बोलले नाही. माझं चुकलं."

"येडी झाली का वो बाई," त्या म्हणाल्या. "पानी तं विहिरीचं हाय." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

तेव्हाच आमच्या दोघींच्या मधे, काठाखाली हातभर, तो माईक मला दिसला.

मी शाळेत परत गेले तेव्हा मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. सगळे माझ्याकडे बघत होते. भोंगेवाला उभा राहिला, ओशाळून, दुसऱ्या बटणावरचं बोट तसंच.

"बंद कराले गेलतो, बाई," तो म्हणाला. "मंग म्हटलं, राहू द्या."

मोठ्या बाई माझा कागद हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो उलगडला नाही. कार्यक्रमपत्रिकेवरच्या शेवटच्या कलमावर त्यांनी पेनने एक रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "आभारप्रदर्शन झालं. शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द ऐकू आला."